पडायला शिकवणारी ताई

पत्र: मी 20 वर्षांची असून इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेली 8 वर्षे इंदिरानगरमधील एका क्लासमध्ये ज्युदो शिकते आहे आणि सध्या माझा ब्राऊन बेल्ट आहे. ब्लॅक बेल्टच्या परीक्षेसाठी नाव पाठवण्याआधी मी 6 महिने संध्याकाळच्या लहान मुलांच्या बॅचला मदत करावी, असे सरांनी सांगितले आहे. मॅट अंथरणे, हजेरी घेणे, लहानांना ब्रेकफॉल, म्हणजे इजा न होता पडण्याची रीत, शिकवणे आणि शेवटी झाडलोट करणे ही माझी कामे आहेत. माझ्या बरोबरीच्या मैत्रिणीने दुसऱ्या क्लासमधून परीक्षा दिलीसुद्धा. आई म्हणते, हे फुकटात राबवून घेणे आहे. बाबा म्हणतात, गुरूंनी सांगितले आहे तर करावे. मला स्पर्धेची तयारी करायची आहे. शिवाय तेरा-चौदा वर्षांची मुले माझे ऐकत नाहीत, आणि 7 वर्षांचा एक मुलगा मागे पडायला इतका घाबरतो की मॅटच्या कडेलाच बसून राहतो. सर म्हणतात, यातूनच नेतृत्व येते. नेतृत्व असे झाडू मारून येते का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नुसता झाडू मारून नेतृत्व येत नाही, आणि तसे कोणी सांगत असेल तर ते मान्य करू नका. दुसऱ्याच्या शरीराची जबाबदारी आपल्याकडे येते आणि कोणी पाहत नसतानाही ती नीट पार पाडण्याची सवय जडते, तेव्हा माणूस इतरांना पुढे नेण्याच्या लायकीचा होऊ लागतो. ज्युदोच्या क्लासमध्ये ही जबाबदारी मॅट अंथरण्यापासूनच सुरू होते, असे मी नाशिकमध्ये अनेक वर्षे लहान मुलांना शिकवल्यानंतर ठामपणे म्हणू शकते.

दोन मॅटच्या मध्ये बोटभर फट राहिली, तर तिच्यात पायाचे बोट अडकते आणि मग मुलाचे सगळे शरीर फिरते, पण ते बोट मात्र जागीच राहते. कोणाची पाण्याची बाटली सांडलेली असते, कोणाच्या हातात कडे असते, कोणाच्या कानातले डूल काढायचे राहून गेलेले असतात, कोणाची नखे वाढलेली असतात. भिंतीपासून पुरेसे अंतर न सोडता मॅट लावली, तर फेकलेल्या मुलाचे डोके कुठे जाईल याचा विचार आधीच करावा लागतो. गेली 8 वर्षे तुम्ही मॅटवर निर्धास्तपणे उतरत होतात, कारण हे सर्व कोणीतरी आधी पाहून ठेवलेले होते. आता ते पाहणारे डोळे तुमचे व्हावेत, अशी सरांची इच्छा असावी. त्यांनी ती नीट समजावून सांगितली नाही, ही त्यांच्याकडून राहिलेली उणीव आहे, आणि तिच्याकडे मी पुढे येईन.

आपल्याकडच्या तालमींतही हेच चालत आले आहे. हौद्यातली तांबडी माती खोऱ्याने उकरून मोकळी करण्याचे काम पैलवानच करतात, कारण घट्ट बसलेल्या मातीवर पाठ आपटली म्हणजे काय होते, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. माती उकरताना हाती लागलेला खडा बाहेर टाकणारा तरुण पुढे त्याच हौद्यात पोरांना डाव दाखवू लागतो. वस्ताद त्याला निवडतात, तेव्हा त्याच्या ताकदीइतकेच त्या खड्याकडेही त्यांचे लक्ष असते.

तुमच्या विद्येच्या मुळाशी तर शिक्षकच आहे. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये तोक्योतील एइशोजी या बौद्ध मंदिरात, बारा मॅट मावतील एवढ्या जागेत, नऊ शिष्यांना घेऊन कोदोकान ही आपली ज्युदोशाळा सुरू केली. तेव्हा ते अवघे 21 वर्षांचे होते, म्हणजे आज तुम्ही आहात जवळजवळ त्याच वयाचे. त्यांचा पेशा शिक्षणाचा होता आणि पुढे शिक्षक घडवणाऱ्या तोक्योतील उच्च विद्यालयाचे ते दीर्घकाळ प्राचार्य होते. ज्युदोची दोन तत्त्वे त्यांनी सांगितली. सेइर्योकु झेन्यो, म्हणजे आपल्या शक्तीचा सर्वांत चांगला उपयोग करणे, हे पहिले. जिता क्योएई, म्हणजे स्वतःची आणि इतरांची बरोबरीने भरभराट होणे, हे दुसरे. पुष्कळ क्लासच्या भिंतींवर ही दोन्ही लिहिलेली असतात. मात्र स्पर्धेच्या तयारीत पहिलेच तेवढे लक्षात राहते आणि दुसरे मुलांकडून पाठ करून घेतले जाते.

हे दुसरे तत्त्व मॅटवर प्रत्यक्ष कुठे दिसते, हे तुम्हाला सांगायला नको. फेकणारा तोरी आणि फेकला जाणारा उके, या जोडीत आपण तोरीचे कौतुक करतो. परंतु उचिकोमीच्या, म्हणजे प्रत्यक्ष न फेकता तोच डाव पुन्हा पुन्हा घोटण्याच्या, शंभर आवर्तनांत ताठ न होता, मुद्दाम सैलही न पडता, योग्य तेवढा विरोध करीत उभा राहणारा उके नसेल, तर कोणाचाही डाव बसणार नाही. चांगला उके शिकणाऱ्याला त्याची चूक अंगावर झेलून दाखवतो. तुम्ही ब्राऊन बेल्टपर्यंत आलात, त्यामागे किती जणांच्या पाठी मॅटवर आपटल्या आहेत, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. लहानांच्या बॅचमध्ये तुमच्याकडे आता त्या उकेचे काम आले आहे. आठवडाभर धडपडून ओ-गोशी, म्हणजे कमरेवरून फेकण्याचा डाव, शिकलेली 25 किलोची मुलगी तुमच्या कमरेला हात घालते, आणि तिचा तोल बिघडणार नाही व तिला खोटा विजयही मिळणार नाही अशा बेताने तुम्हाला पडायचे असते. हे तुमच्या रांदोरीपेक्षा, म्हणजे मोकळ्या लढतीच्या सरावापेक्षा, सोपे आहे असे समजू नका.

स्पर्धेच्या तयारीचे नुकसान होईल, ही तुमची भीती मला समजते, पण तिच्यात मला पूर्ण तथ्य वाटत नाही. कानो यांनी फेकीचे तीन टप्पे पाडले: कुझुशी म्हणजे तोल ढळवणे, त्सुकुरी म्हणजे आपले शरीर नेमक्या जागी बसवणे आणि काके म्हणजे प्रत्यक्ष फेक. तुमच्या अंगात हे तिन्ही टप्पे आता एकजीव झाले आहेत, त्यामुळे त्यातले काय कच्चे आहे ते तुम्हाला दिसत नाही. एखादे मूल विचारते, ‘ताई, आधी कोणता पाय?’ आणि मग तुम्हाला तो डाव सावकाश, तुकड्या-तुकड्यांनी करून दाखवावा लागतो. माझ्या बाबतीत असे झाले की, इप्पोन सेओई-नागे हा खांद्यावरून फेकण्याचा डाव हळू करून दाखवताना समोरच्याचा तोल मी ढळवतच नाही, नुसती खांद्याच्या जोरावर त्याला ओढून नेते, हे मला पहिल्यांदा कळले. माझ्यापेक्षा हलक्या मुलींवर तो डाव चालत होता आणि वजनदार मुलींवर तो का फसतो, याचे उत्तर मला एका दहा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नातून मिळाले. मात्र मोठ्यांच्या बॅचमधला तुमचा रांदोरीचा वेळ या कामामुळे कमी होता कामा नये; तसे होत असेल तर ते सरांना स्पष्ट सांगायलाच हवे.

मैत्रिणीशी तुलना करण्याचे कारण नाही. पहिल्या ब्लॅक बेल्टला शोदान म्हणतात, आणि त्यातल्या ‘शो’चा अर्थच आरंभ असा आहे. तिचा आरंभ झाला, तुमचा थोड्या महिन्यांनी होईल.

आता त्या सात वर्षांच्या मुलाविषयी, कारण तुमच्या पत्रातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग तोच आहे. त्याला ‘घाबरू नकोस’ असे म्हणणे आधी बंद करा. मागे पडण्याची भीती ही शहाणपणाची भीती आहे. डोक्याला मागे डोळे नसतात आणि शरीराला ते पक्के माहीत असते. त्याच्या आईला बाजूला घेऊन विचारा की तो पूर्वी कुठे पडला होता का, कारण पुष्कळदा जिन्यावरची किंवा न्हाणीघरातली एखादी जुनी आपट यामागे असते. मग त्याला उभ्याने पडायला मुळीच सांगू नका. पहिले काही दिवस त्याने पाठीवर नुसते झोपावे, हनुवटी छातीला लावून स्वतःच्या पट्ट्याची गाठ पाहावी आणि दोन्ही हात शरीरापासून थोडे दूर ठेवून तळव्यांनी मॅटवर थाप मारावी. हात मागे टेकवून स्वतःला सावरण्याची सवय मोडणे, हाच यातला खरा धडा आहे, कारण मनगट आणि कोपर तिथेच मोडते. त्यानंतर बसून मागे लोळणे, मग उकिडवे बसून, आणि उभ्याने सर्वांत शेवटी. एका पायरीवर पंधरा दिवस गेले तरी चालेल. प्रत्येक वेळी आधी तुम्ही त्याच्या शेजारी पडा. त्याला तुम्हाला ढकलू द्या, पाडू द्या, आणि पडल्यावर तुम्ही हसत उठता हे त्याला वारंवार पाहू द्या. सगळ्या बॅचने मिळून टाळ्या वाजवून त्याला धीर देण्याचा प्रकार मी अनेक ठिकाणी पाहिला आहे आणि मला तो मुळीच पसंत नाही. घाबरलेल्या मुलाला त्या टाळ्या पाठीमागून ढकलणाऱ्या हातासारख्या वाटतात.

एका वेळी एकच चूक सांगा. हनुवटी, हात, पाय आणि श्वास हे सर्व एकदम सांगितले, तर मुलाच्या लक्षात फक्त एवढेच राहते की आपले सगळेच चुकते. कौतुक करतानाही ‘छान, छान’ म्हणू नका. ‘आज तुझी हनुवटी शेवटपर्यंत छातीला होती’ असे नेमके सांगा. त्यातून मुलाला कळते की ताई खरोखर पाहत होती.

तेरा-चौदा वर्षांची मुले ऐकत नाहीत, यावर माझ्याकडे सल्ल्याआधी एक कबुली आहे. मी तुमच्याएवढी असताना अशाच एका मुलाने चारचौघांत माझी थट्टा केली. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकासाठी मी मुद्दाम त्यालाच बोलावले आणि गरजेपेक्षा जोरात फेकले. त्याला इजा झाली नाही, सगळे गप्प झाले आणि मला वाटले की आता शिस्त लागली. तो मुलगा पुन्हा क्लासला आला नाही. त्याच्या घरी जाऊन माफी मागावी हे मला सुचले, तोपर्यंत त्याचे कुटुंब शहर सोडून गेले होते. त्या दिवशी माझ्या हातून ज्युदोचा गैरवापर झाला, आणि ती गोष्ट मला आजही टोचते. म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, मान मिळवण्यासाठी कोणालाही फेकू नका.

त्या वयाच्या मुलांना आज्ञा नको असते, त्यांना आपले काहीतरी काम हवे असते. त्यांच्यापैकी जो सर्वांत जास्त गोंधळ घालतो, त्याच्याकडे पांढऱ्या पट्ट्याची दोन नवशिकी मुले सोपवा. ‘या दोघांची हनुवटी आज तू पाहायची आणि शेवटी मला सांगायचे,’ एवढेच म्हणा, आणि शेवटी त्याला खरोखर विचारा. विचारायला विसरलात तर दुसऱ्या दिवशी तो पुन्हा पहिल्यासारखा वागेल, आणि त्याचे ते वागणे रास्तच असेल. सूचना थोड्या शब्दांत द्या, एकाच जागी उभ्या राहून द्या, आणि सर्व शांत होईपर्यंत पुढचे वाक्य बोलू नका. ओरडण्याची आवश्यकता फक्त एका प्रसंगी असते: कोणी टॅप केल्यावरही, म्हणजे हाताने थोपटून ‘सोड’ अशी खूण केल्यावरही, समोरच्याने पकड सोडली नाही, तर. तिथे मात्र आवाज सगळ्या हॉलमध्ये घुमला पाहिजे आणि त्या मुलाला त्या दिवसापुरते मॅटबाहेर बसवले पाहिजे.

2015 च्या सिंहस्थात रामकुंडावर मी काही दिवस स्वयंसेवक होते. तिथे शिट्ट्या वाजवणारे पुष्कळ होते. पण गर्दी ज्यांचे ऐकत होती, ती माणसे पायरीवर गुडघाभर पाण्यात उभी राहून एकेका म्हातारीचा हात धरत होती आणि ‘माई, इथे शेवाळ आहे, पाय जरा अलीकडे टाका’ असे सांगत होती. ज्याला शेवाळ कुठे आहे ते माहीत आहे त्याचे लोक ऐकतात, हे मी तिथे पाहिले, आणि त्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या बाबतीतही तेच खरे आहे. तुम्ही त्यांच्या प्रत्येकाच्या डावातला नेमका अडथळा ओळखू लागलात, की ती आपण होऊन तुमच्याकडे येऊ लागतील.

काही गोष्टी मात्र तुमच्या मर्जीवर सोडण्यासारख्या नाहीत. एखाद्या मुलाचे डोके आपटले आणि त्यानंतर त्याला उलटी झाली, गुंगी आली, तो गोंधळल्यासारखा बोलू लागला किंवा डोके दुखते म्हणाला, तर त्या दिवशी तो पुन्हा मॅटवर उतरणार नाही. पालकांना लगेच कळवायचे आणि डॉक्टरांकडे न्यायचे. मूल स्वतः ‘मी बरा आहे’ म्हणाले तरीही. ज्युदोत स्पर्श टाळता येत नाही, म्हणून पकड दुरुस्त करण्याआधी ‘हात लावू का?’ असे विचारायची सवय लावून घ्या आणि मुलांनाही ‘नको’ म्हणण्याची मुभा आहे हे सांगा. बंद खोलीत कोणत्याही मुलाबरोबर एकट्या थांबू नका, आणि मुलांना स्वतंत्रपणे संदेश पाठवण्याऐवजी पालक असलेल्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच बोला. एखाद्या मुलाने तुम्हाला विश्वासाने काही त्रासदायक सांगितले, मग ते घरातले असो, शाळेतले असो की क्लासमधले, तर ते स्वतःजवळ ठेवू नका. 18 वर्षांखालील मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि मुलांच्या मदतीसाठी 1098 हा दूरध्वनी क्रमांक आहे. ताई म्हणून मुले तुमच्याकडे येतील ती कदाचित सरांकडे जाणार नाहीत, म्हणून हे तुम्हाला आधीच माहीत असायला हवे.

आता आईंच्या आक्षेपाविषयी. त्यांचा प्रश्न योग्य आहे आणि तो गुरूंविषयीच्या आदराखाली दडपू नये. सेवा आणि राबवून घेणे यांतला फरक मी असा करते: ज्या कामातून तुम्ही शिकता, ज्याला मुदत आहे आणि जे करताना कोणीतरी अनुभवी माणूस तुमच्यावर लक्ष ठेवून तुमच्या चुका सांगतो, ती सेवा. सर ऑफिसमध्ये बसून आणि तुम्ही एकट्या तीस मुलांवर, असे चालले असेल तर ते शिक्षण नव्हे, आणि मुलांच्या दृष्टीने ते धोक्याचेही आहे. 6 महिन्यांचे 8 झाले, मग वर्ष झाले, घरची कामे सांगितली गेली, नवे प्रवेश आणायला लावले, तर बाबांचा गुरुभक्तीचा सल्ला नम्रपणे बाजूला ठेवा. आणि ठरलेल्या मुदतीनंतरही बॅच तुम्हीच सांभाळत राहणार असाल, तर मानधन किंवा निदान फीमाफी मागण्यात संकोच वाटून घेऊ नका. फी भरणाऱ्या मुलांना शिकवण्याचे ते मोल आहे.

म्हणून या आठवड्यात बॅच सुरू होण्याआधी सरांची दहा मिनिटे मागा. तक्रारीच्या सुरात बोलू नका, पण अडखळूही नका. परीक्षेसाठी नाव कोणत्या तारखेला पाठवणार, आठवड्यातले कोणते तीन दिवस लहानांचे आणि कोणते माझ्या सरावाचे, आणि या 6 महिन्यांत मी नेमके काय शिकावे असे तुम्हाला वाटते, हे तीन प्रश्न विचारा. महिन्यातून एकदा त्यांनी कडेला बसून तुमचा पूर्ण तास पाहावा आणि नंतर तुमच्या शिकवण्यातल्या चुका सांगाव्यात, अशीही विनंती करा. माझ्या अनुभवात बहुतेक सर या विनंतीने सुखावतात, कारण विद्यार्थी शिकवायला शिकू इच्छितो हे त्यांना फार क्वचित ऐकायला मिळते. उत्तर टाळाटाळीचे आले, तर त्यावरूनही तुम्हाला पुढचा निर्णय घेता येईल, आणि तो निर्णय आईबाबांशी बोलून घ्या.

सर हो म्हणाले, तर एक छोटी वही ठेवा. रोज घरी गेल्यावर तीन मुलांची नावे आणि त्या दिवशी त्यांच्यात दिसलेली एकेक गोष्ट तिच्यात लिहा. पहिल्या आठवड्यात तुम्हाला फारसे काही सुचणार नाही, कारण तोपर्यंत आपण मुलांकडे बॅच म्हणून पाहत असतो. त्या सात वर्षांच्या मुलासाठी एक पान वेगळे राखा, आणि ज्या दिवशी तो उकिडवा बसून, हनुवटी छातीला लावून स्वतःहून मागे पडेल, त्या दिवसाची तारीख त्यावर घाला. मलाही तेव्हा दोन ओळी जरूर लिहा.